झाडं ओळखायची तर शिमग्याला या

जून सरत आला की शनिवारी पहाटे कल्याणच्या एसटी स्थानकावर पाठपिशव्या दिसायला लागतात. मुरबाड, म्हसा, नारिवली आणि तिथून सिद्धगड, हा त्यांचा ठरलेला रस्ता. धबधबे, धुकं, कड्यावरून उलटं उडणारं पाणी पाहून मंडळी रात्रीपर्यंत भिजून घरी पोचतात. सप्टेंबर उलटला की ही ये-जा थांबते. पुढचे आठ-नऊ महिने सिद्धगडाकडे वाडीतली माणसं, त्यांची गुरं आणि अधूनमधून एखादा अभ्यासक यांच्याशिवाय सहसा कुणी फिरकत नाही. मला मात्र या गडाची खरी ओळख त्याच रिकाम्या महिन्यांत झाली. पावसातला सिद्धगड सुंदर आहेच. पण ज्याला झाडं पाहायची आहेत त्याला पावसात निम्मंही दिसत नाही.

सिद्धगड मुरबाड तालुक्यात, भीमाशंकरच्या पश्चिम उतारावर, हजार मीटरच्या आसपास उंचीचा. शेजारी दमदम्याचा डोंगर, उत्तरेला गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, पाठीमागे घाटमाथ्याची भिंत. गडाचे तीन टप्पे मानावेत. पायथ्याचं पानझडीचं रान, मध्यावरची रुंद माची आणि तिच्यावरची वस्ती, आणि त्यावर सरळ उठलेला बालेकिल्ला. वनस्पतींच्या दृष्टीने हे टप्पे फार महत्त्वाचे. खाली साग, ऐन, पळस, खैर, मोह. माचीच्या आसपास आणि ओढ्यांच्या घळींत जांभूळ, अंजनी, आंबा, हिरडा, भेर्ली माड. दोन-तीन तासांच्या चढणीत पानझडी रानातून निमसदाहरित रानात जाता येतं. हा सगळा पट्टा भीमाशंकर अभयारण्यात मोडतो. १९८५ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे १३० चौरस किलोमीटर पसरलेलं आहे. शेकरू ही त्याची ओळख. आपल्या राज्यप्राण्याला जमिनीवर उतरणं आवडत नाही, त्याला फांदीला फांदी लागलेली हवी. म्हणून शेकरू दिसलं की तिथलं रान वरून सलग आहे असं खुशाल समजावं.

झाडांची अक्षरओळख मला भायखळ्याच्या राणीच्या बागेत झाली. आजचं ते वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. लोक तिथे पेंग्विन आणि वाघ बघायला जातात, पण मुळात ती बाग वनस्पतींसाठी उभी राहिली. तेव्हाच्या कृषी-उद्यान संस्थेची शिवडीतली बाग मोडली, भायखळ्याला नवी जागा मिळाली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रेअर यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. आज तिथे तीन हजारांवर झाडं आहेत, त्यांत देशोदेशीच्या शेकडो प्रजाती. ब्रह्मदेशातली उर्वशी, आफ्रिकेतली गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेतला कैलासपती. प्रत्येकाच्या बुंध्याशी पाटी. पाटी वाचावी, वर बघावं, पानाचा आकार मनात धरावा, पुढच्या झाडाकडे जावं. शहरातल्या मुलाला वृक्षांची गोडी लावणारी अशी शाळा मुंबईत दुसरी नाही.

उद्घाटन करणाऱ्या लेडी फ्रेअर यांचे पती सर बार्टल फ्रेअर तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. सह्याद्रीतल्या एका वनस्पतीला त्यांचं नाव लागलं आहे. जुन्नरकडच्या डोंगरांत डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाला कड्याच्या फटीत उगवणारी एक मांसल खोडाची वनस्पती मिळाली. तिचं नामकरण त्याने 'फ्रेरिया इंडिका' असं केलं. आपल्याकडे तिला शिंदळ माकुडी म्हणतात. पावसाळ्यात ती पानं धरते, मग किरमिजी रंगावर पिवळी नक्षी असलेली पाच पाकळ्यांची फुलं येतात, आणि उन्हाळ्यात नुसतं खोड उरतं. जगात ती फक्त महाराष्ट्रातल्या मोजक्या कड्यांवर सापडते. शिवनेरीचा कडा त्यांतला एक, आणि शिवनेरी सिद्धगडामागच्या घाटमाथ्याच्या पलीकडच्या अंगाला. नवऱ्याचं नाव कड्यावर, बायकोचं नाव बागेच्या इतिहासात. राणीच्या बागेतून निघून सह्याद्रीकडे यायला मला हे नातं पुरेसं वाटलं.

सिद्धगडावर मात्र पाटी नाही. तिथे सांगायला माणसं लागतात, आणि ती आहेत. मुरबाड-शहापूर पट्ट्यात ठाकर, महादेव कोळी, कातकरी पिढ्यान्‌पिढ्या या रानात राबतात. एकदा ऐन श्रावणात माचीच्या वाटेवर एका आजींना मी एकामागून एक झाडांची नावं विचारत होते. त्यांनी दोन-चार सांगितली आणि मग म्हणाल्या, "पावसात समदंच हिरवं. झाडं वळखायची त शिमग्याला ये." त्या सांगण्यात पूर्ण शास्त्र आहे. पावसात सगळ्या झाडांचं पान सारखंच लुसलुशीत, वर धुकं, आणि नजर सतत पायाखालच्या शेवाळावर. शिमग्याला पान उतरतं. मग झाडाची साल दिसते, फांद्यांची ठेवण दिसते, आणि ज्याच्या-त्याच्या फुलाचा रंग उघडा पडतो.

म्हणून माझं सिद्धगडाचं वर्ष फाल्गुनात सुरू होतं.

पायथ्याला पहिला भेटतो ऐन. त्याच्या सालीवर चौकोनी खवले असतात, मगरीच्या पाठीसारखे. एकदा बघितलं की हे झाड पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही. त्याच्या आजूबाजूला काटेसावर उभी असते, अंगावर पान नाही आणि फांदीफांदीवर जाड पाकळ्यांची लाल फुलं. कोतवाल, मैना, बुलबुल सकाळपासून तिच्यावर पडलेले असतात, कारण त्या वाट्यांत मध भरपूर. पांगारा तिच्यापेक्षा भडक, पळस त्याहून केशरी. उघड्या उतारांवर धायटीच्या झुडपांना बारीक लाल नळ्या लगडलेल्या असतात आणि त्यांच्यावर सूर्यपक्षी. पण या दिवसांतलं सगळ्यांत देखणं झाड फुलाचं नाही, पानाचं. कुसुंबाची नवी पालवी अशी तांबडी येते की लांबून ती फुलंच वाटावीत. आठ-दहा दिवसांत ती तांबूस होते, मग पोपटी, मग साधी हिरवी. एका आठवड्याने चुकलात तर वर्षभर थांबा.

चढताना उक्षीच्या वेली लागतात. पांढुरक्या-हिरव्या फुलोऱ्याने त्या झाडांवर अक्षरशः ओतलेल्या असतात. उक्षीच्या जाड खोडात पाणी साठलेलं असतं. रानात फिरणारे लोक तहानेला तिचं खोड छाटून धार तोंडात धरतात. ती कला त्यांच्याच हाती शोभते आणि त्यांच्याच गरजेची आहे. आपण बाटली न्यावी आणि वेलीला हात लावू नये. माचीजवळ पोचलं की अंजनी दिसते. वर्षभर ती गर्द, बारीक पानांची, लक्ष न वेधणारी. या दिवसांत मात्र तिच्या काटक्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ चिकटून येतात, आणि खाली वाटेवरही निळा सडा. कुंभ्याचं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळपर्यंत त्याचे केसर गळून पडतात. म्हणून कुंभा पाहायचा तर माचीवर मुक्काम करून उजाडताच निघावं.

याच दिवसांत खालच्या शेतांत धूर दिसतो. बाहेरून आलेल्या माणसाला वणवा लागला असं वाटतं. खरं तर तो राब असतो. भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची त्यावर शेण, पाला, झाडाच्या छाटलेल्या बारीक फांद्या आणि गवत पसरून, वर माती टाकून, भाजतात. तणाचं बी जळतं, राख मिळते, आणि पावसाच्या पहिल्या सरीला तिथे पेरलेलं भात जोमाने उठतं. या छाटणीला कवळ तोडणं म्हणतात, आणि त्यासाठी ऐनासारखी झाडं दरवर्षी उतरवली जातात. शेतांच्या कडेचे ऐन बघा: खोड जाड, वर अचानक बारीक फांद्यांचा झुबका. तो आकार झाडाचा स्वतःचा नाही, शेतीने दिलेला आहे. इंग्रजांच्या वनखात्याला हा राब खपेना आणि गावकऱ्यांचं त्यावाचून भागेना. शेवटी मुंबई सरकारला १८८५ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या वनहक्कांसाठी आयोग नेमावा लागला. त्याच्यासमोर राबाचा प्रश्न मोठा होता. पुढे थिओडोर कूक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची मोठी नोंद प्रसिद्ध केली. आजही सह्याद्रीतली फुलं ओळखताना अभ्यासक तिचा आधार घेतात. त्या ग्रंथातल्या ऐनाला जोडून हा आयोगही आठवावा असं मला वाटतं. झाड कळायचं तर त्याच्यासाठी माणसं कशावरून भांडली हेही कळलं पाहिजे.

चैत्रात मोह गळतो. पहाटे झाडाखाली गोडसर, जड वास आणि जमिनीवर मेणचट फुलांचा थर. उजाडायच्या आत वेचणी झालेली असते. आंबेगाव-जुन्नरकडच्या घाटमाथ्यावर याच सुमाराला बाळहिरडा काढतात. कच्च्या, वाळवलेल्या हिरड्याची ही विक्री तिथल्या आदिवासी कुटुंबांना वर्षाचा रोख पैसा देते, त्यामुळे हिरड्याचं झाड तोडणं सहसा कुणाच्या मनात येत नाही. वैशाखात बहावा आणि ताम्हण फुलतात. राज्यपुष्प म्हणून ताम्हण सगळ्यांना माहीत, पण ओढ्याकाठी स्वतःहून वाढलेला ताम्हण किती जणांनी बघितला असेल? कुड्याच्या पांढऱ्या फुलांचा वास वाटेवर लांबपर्यंत येतो. आणि करवंदं. काळी झालेली करवंदं खात चढलं की ऊन जाणवत नाही. वाडीतल्या पोरांना कुठल्या जाळीचं करवंद गोड आणि कुठलं नुसतं चिकाचं हे पाठ असतं. त्यांच्या मागे जावं.

मे अखेर ते जूनचा मध्य हे काजव्यांचे दिवस. वळीव पडून गेला, हवा दमट झाली की ऐन, बेहडा, हिरडा, जांभूळ अशा झाडांवर ते जमतात. नर चमकत फिरतात, मादी पानावर बसून उत्तर देते. सुरुवातीला विस्कळीत असलेली चमक थोड्या वेळाने अख्ख्या झाडावर एका लयीत येते. त्यांच्या अळ्या जमिनीतल्या गोगलगायींवर वाढतात, म्हणजे पालापाचोळा जागेवर राहिला तरच काजवे राहतात. आता यासाठीही गर्दी व्हायला लागली आहे. गाड्यांचे दिवे, हातातल्या विजेऱ्या, मोबाइलचा झोत पडला की काजवा आपली खूण पाठवू शकत नाही आणि जोडी जमत नाही. बघायचे असतील तर माणसं कमी, दिवे बंद आणि झाडापासून थोडं दूर. एवढं ज्यांना जमत नाही त्यांनी जाऊ नये, असं मला स्पष्ट वाटतं.

पहिल्या दोन-चार सरींनंतर शेवळं येतात. ठाणे जिल्ह्याच्या रानातली ही भाजी मला सगळ्या रानभाज्यांत वरची वाटते. सुरणाच्या कुळातल्या या कंदाला आधी पान येत नाही; जमिनीतून सरळ तांबूस-तपकिरी कोंब निघतो, तोच फुलोरा. पान नंतर. मुरबाड, शहापूर, कल्याण, ठाण्याच्या बाजारांत बायका त्यांच्या जुड्या मांडून बसतात, आणि प्रत्येक जुडीबरोबर हिरवी आंबट काकडं, म्हणजे काकड झाडाची फळं, हवीतच. शेवळात खाज असते, ती काकडाच्या आंबटाने मारतात. फुलोऱ्याच्या तळाशी असलेला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, बाकी बारीक चिरायचं, काकडाचा रस घालून शिजवायचं. कुणी वालाच्या डाळिंब्या घालतं, कुणी कोलंबी, सीकेपींकडे खिमासुद्धा. मी बाजारात शेवळं बघत होते आणि वेगळी काकडं घ्यायला विसरत होते तेव्हा विक्रेतीने दटावलं, "ताई, काकडं नेल्याबिगर शेवळं नको नेऊस." रानातल्या दोन अगदी वेगळ्या वनस्पती, एक कंद आणि एक उंच झाड, एकाच आठवड्यात तयार होतात आणि एकाच भांड्यात जातात, हे कुणीतरी पहिल्यांदा करून बघितलं असेल, खाजेने तोंड सुजवून घेतलं असेल, आणि मग बरोबर जोडी सापडली असेल. एक काळजी मात्र आहे. शेवळं म्हणजे फुलोराच असल्याने तो तोडला की त्या वर्षीचं बी गेलं. वाडीतल्या जाणत्या बायका एका जागचे सगळे कोंब उपटत नाहीत. शहरातली मागणी वाढत गेली तर हा आवर किती टिकेल, हा प्रश्न आपण विकत घेणाऱ्यांनीही स्वतःला विचारायला हवा.

आषाढ-श्रावणाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्या दिवसांबद्दल इतर पुष्कळ लिहितात. गडाच्या ओढ्यांना अचानक पाणी चढतं, बालेकिल्ल्याची घसरडी वाट धोक्याची होते. माचीपर्यंत जाऊन परत यावं हे उत्तम. पण पायाखाली बघत चालायचंच आहे तर तिथेच खजिना आहे. रानहळदीचे गुलाबी तुरे, पेव्याची पांढरी फुलं, आभाळीचे निळे ठिपके, फांद्यांवर आमरी, कुंपणाला कळलावीच्या लाल-पिवळ्या ज्वाळा. कळलावीचा कंद विषारी आहे, फूल मात्र गौरीच्या पूजेत मानाचं. बाजारात टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली. भीमाशंकर-आहुपेच्या ओल्या रानात रात्री कुजक्या लाकडावर मंद हिरवा उजेड दिसतो, तो बुरशीचा. आहुप्याला देवराई आहे. देवाच्या नावाने राखलेलं रान, जिथली काटकीही घरी न्यायची नाही. माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या अशा देवरायांचा अभ्यास मांडला तेव्हा विज्ञानाने या राखणीची दखल घेतली. गावाने ती त्याआधी कित्येक पिढ्या केलेली होती.

भाद्रपदात गौरी येतात त्या तेरड्याच्याच. बायका रानातून तेरड्याची रोपं मुळासकट आणतात आणि गौर म्हणून बसवतात. पुढे पाऊस ओसरतो आणि माचीचा पठारी भाग सोनकीने पिवळा होतो, मधेमधे कवल्याची पिवळी आणि तेरड्याची गुलाबी झाक. पुण्या-मुंबईचे लोक कासला रांगा लावतात. सिद्धगडाच्या माचीवर तेव्हा बहुधा कुणी नसतं.

आणि कारवी. सिद्धगडाच्या उतारांवर ती माणसाहून उंच, दाट वाढते, आणि एरवी तिच्याकडे बघावं असं त्यात काही नसतं. ती सात-आठ वर्षं नुसती पानं धरते आणि मग एका पावसाळ्याच्या शेवटी सगळी मिळून जांभळी-निळी फुलते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८ आणि २०१६ साली असा बहर आला होता. फुललं की झाड मरतं. मधमाश्यांना त्या हंगामात तोटा नसतो, कारवीचा मध वेगळा ओळखू येतो. नंतर वाळलेली बोंडं तडतडत फुटतात आणि बी लांब उडतं. वाळक्या कारवीतून उन्हात चालताना तो आवाज सतत ऐकू येतो. मेलेल्या कारवीच्या काठ्या घरी जातात. त्या उभ्या बांधून, वर शेणमातीचा गिलावा देऊन कुडाची भिंत होते. म्हणजे वाडीतल्या जुन्या घराच्या भिंतीत डोंगराच्या एका पिढीची कारवी असते. आता सिमेंटची, पत्र्याची घरं वाढली आहेत आणि त्यात राहणाऱ्यांना ती हवीच आहेत. पावसात गळणारा कूड कुणी हौसेने धरून ठेवावा असा आग्रह शहरातल्या माणसाने धरू नये.

कार्तिक-मार्गशीर्षात भात कापून खळ्यावर येतं, वरकस जमिनीवरची नाचणी, वरई निघते. गवत पिवळं पडतं, पण झाडांवर पान अजून टिकून असतं. हा हेमंतातला सिद्धगड मला एका वेगळ्या कारणाने जवळचा आहे. १९४२ च्या आंदोलनात माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, सगळ्यांचे भाई कोतवाल, यांनी आझाद दस्ता उभा केला. वीज वाहून नेणारे मनोरे पाडणं हे या दस्त्याचं मुख्य काम. पोलीस मागावर लागले तेव्हा दस्ता सिद्धगडाच्या रानात आला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील तिथे गोळीबारात पडले. भाई तीस वर्षांचे होते. पुस्तकात हे वाचताना 'सिद्धगडाच्या जंगलात' हे दोन शब्द पटकन निघून जातात. जानेवारीत त्या वाटेने गेल्यावर कळतं की हे रान लपायला किती चांगलं आहे आणि किती अपुरं. ऐनाला पान आहे, कारवीची दाट भिंत आहे, ओढ्याला थोडं पाणी आहे. पण वाळलेलं पान प्रत्येक पावलाला वाजतं, आणि चूल पेटवली तर धूर लांबून दिसतो.

दरवर्षी २ जानेवारीला पायथ्याच्या स्मारकाशी लोक अभिवादनाला जमतात. त्या दिवशी गेलात तर सोहळा संपल्यावर लगेच परतू नका. दुपारी माचीची वाट थोडी चढा. पौष पौर्णिमेला म्हशाची खांबलिंगेश्वराची यात्रा भरते, आजूबाजूच्या तालुक्यांतून बैल विकायला येतात, रस्ता अडलेला असतो, तेव्हा गाडीचा वेळ हिशेबात धरून निघा. पाणी भरपूर घ्या, वाडीत जेवण आधी सांगून ठेवा आणि दाम मोजून द्या, सोबत माचीवरचाच कुणी वाटाड्या असू द्या. आणि झाडाचं नाव विचाराल तेव्हा ते खातात का, जाळतात का, औषधाला लावतात का, हेही विचारा. नुसत्या नावापाशी तिथली माणसं कधी थांबत नाहीत.